‘प्राइड अँड प्रेज्युडिस’मधलं प्रेम कळायचं तर आधी तिथली रीत कळायला हवी

कादंबरीच्या पहिल्याच प्रकरणात नवराबायकोची कुरबुर चालू आहे. शेजारचा नेदरफील्ड हा मोठा वाडा बिंगली नावाच्या श्रीमंत, अविवाहित तरुणाने भाड्याने घेतला आहे, आणि मिसेस बेनेट नवऱ्याच्या मागे लागल्या आहेत की तुम्ही आधी जाऊन त्याला भेटून या. मिस्टर बेनेट त्यांना चिडवतात: तू आणि मुलीच जा, नाहीतर मुलींना एकट्याच पाठव. मिसेस बेनेट काकुळतीला येतात, कारण नवरा गेला नाही तर त्यांना आणि मुलींना त्या घरी जाताच येणार नाही.

आज वाचताना हा प्रसंग नुसता गमतीचा वाटतो. पण मिसेस बेनेटचं म्हणणं अक्षरशः खरं आहे. गावात नवा माणूस राहायला आला की आधी तिथल्या प्रतिष्ठित घरांतल्या पुरुषांनी त्याच्याकडे जायचं, मग त्याने परतभेट द्यायची. एवढं झालं की दोन घरांची ‘ओळख’ झाली, आणि त्यानंतरच बायकामुलींना जाण्यायेण्याची, बोलण्याची वाट मोकळी. म्हणजे बेनेट घरातले एकुलते एक पुरुष आळस करून घरी बसले असते, तर पाच लग्नाच्या मुलींसाठी बिंगली हा माणूस अस्तित्वातच नव्हता. बिंगली परतभेटीला येतो तेव्हा मिस्टर बेनेटबरोबर त्यांच्या पुस्तकांच्या खोलीत जेमतेम दहा मिनिटं बसतो. मुलींना तो दिसतो वरच्या मजल्याच्या खिडकीतून, निळा कोट आणि काळा घोडा एवढाच.

या कादंबरीतली प्रेमं वाचताना बऱ्याच जणांना प्रश्न पडतो की ही माणसं सरळ बोलत का नाहीत. बेनेटांची थोरली मुलगी जेन बिंगलीला एक पत्र का लिहीत नाही? बिंगलीचा मित्र डार्सी नाचला नाही यात एवढं दुखावण्यासारखं काय? या प्रश्नांची उत्तरं पात्रांच्या स्वभावात कमी आणि त्यांच्या भोवतीच्या रीतीत जास्त सापडतात. सरळ विचारायची सोय नसलेल्या जगात प्रेम व्यक्त करायला उरतात ते फक्त शिष्टाचार. म्हणून इथे एकेका नमस्काराला, एकेका भेटीला वजन आहे.

आधी काळ थोडक्यात. जेन ऑस्टेनची ही कादंबरी २८ जानेवारी १८१३ रोजी लंडनला तीन खंडांत प्रसिद्ध झाली. त्यावर तिचं नाव नव्हतं. ‘सेन्स अँड सेन्सिबिलिटी’च्या लेखिकेची, एवढाच उल्लेख होता. प्रकाशकाने सगळे हक्क ११० पौंडांना विकत घेतले होते. राजा तिसरा जॉर्ज मनाने आजारी पडल्यामुळे १८११ ते १८२० या काळात त्याच्या मुलाने ‘रीजंट’ म्हणून कारभार पाहिला, म्हणून या काळाला रीजन्सी म्हणतात. त्याच सुमारास पुण्यात दुसरा बाजीराव गादीवर होता आणि एल्फिन्स्टन तिथे ब्रिटिश रेसिडेंट होता. कादंबरीतली माणसं मात्र इंग्लंडच्या एका लहानशा थरातली आहेत: जमिनीच्या उत्पन्नावर जगणारी, स्वतः काम न करणारी घराणी, आणि त्यांच्या पंगतीला येऊन बसू पाहणारे व्यापारी, पाद्री, लष्करी अधिकारी.

या सगळ्या रीतीच्या तळाशी पैसा आहे, आणि ऑस्टेन तो लपवत नाही. प्रत्येक पात्राबरोबर आकडा येतो. डार्सीचं उत्पन्न वर्षाला १०,००० पौंड, बिंगलीचं चार-पाच हजार, मिस्टर बेनेटचं २,०००. हे २,००० काही वाईट नाहीत. खरी अडचण वारसाची आहे. बेनेटांची जमीन फक्त पुरुष वारसाकडे जाईल अशा कायदेशीर बंधनात अडकलेली आहे. त्याला ‘एन्टेल’ म्हणत. मुलगा झाला असता तर तो वयात आल्यावर बापलेकांनी मिळून हे बंधन मोडता आलं असतं. त्या भरवशावर बेनेट दांपत्याने कधी काही शिल्लक टाकलं नाही, आणि पाचही मुली झाल्या. आता मिस्टर बेनेट डोळे मिटतील त्या दिवशी घर दूरच्या नात्यातल्या मिस्टर कॉलिन्सचं. दुसरी मुलगी आणि कादंबरीची नायिका एलिझाबेथ, हिच्या वाट्याला काय येणार हे कॉलिन्स तिला मागणी घालतानाच ऐकवतो: चार टक्क्यांच्या सरकारी रोख्यांतले १,००० पौंड, तेही आईच्या मृत्यूनंतर. म्हणजे वर्षाचे ४० पौंड.

मिसेस बेनेटला हसणं सोपं आहे. त्या उथळ आहेत, मोठ्याने बोलतात, मुलींची अब्रू चारचौघांत घालवतात. पण त्या घरात भविष्याची भीती बाळगणारी व्यक्ती त्या एकट्याच आहेत, आणि ती भीती खरी आहे. चांगल्या घरच्या मुलीला कमाईचा मार्ग म्हणजे दुसऱ्याच्या घरी राहून मुलांना शिकवणारी गव्हर्नेस होणं, एवढाच जवळपास. लग्न झालं तरी तिच्या नावचा पैसा विशेष करार नसेल तर नवऱ्याचा होई. विवाहित स्त्रीला स्वतःच्या मालमत्तेवर पूर्ण हक्क देणारा कायदा इंग्लंडमध्ये आला तो १८८२ साली.

ऑस्टेनच्या स्वतःच्या घरात याचं एक उदाहरण होतं, आणि ते थेट हिंदुस्थानाशी जोडलेलं आहे. तिची आत्या फिलाडेल्फिया, आईवडील नसलेली आणि हाती पैसा नसलेली मुलगी, १७५२ साली जहाजात बसून मद्रासला आली. इथे ईस्ट इंडिया कंपनीचे अविवाहित नोकर पुष्कळ आणि इंग्रज मुली मोजक्या. पुढच्याच वर्षी कडलूरला तिचं हॅनकॉक नावाच्या शल्यविशारदाशी लग्न झालं. तिच्या मुलीचा धर्मपिता होता वॉरन हेस्टिंग्ज, मराठ्यांशी झालेलं पहिलं युद्ध आणि सालबाईचा तह यांमुळे आपल्याला शाळेपासून माहीत असलेला तोच. पुढे म्हातारपणी याच हेस्टिंग्जने ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ वाचली आणि त्याला एलिझाबेथ फार आवडली. ऑस्टेनला त्याचा किती आनंद झाला हे तिच्या १८१३ सालच्या पत्रात दिसतं.

आता नाचाकडे येऊ, कारण या जगात तरुण मुलगा आणि तरुण मुलगी चारचौघांत असूनही एकमेकांशी बोलू शकतील अशी जागा म्हणजे नाच.

मुलगी ठरावीक वयाची झाली की ती ‘बाहेर’ आली असं म्हणत. मग ती मेजवान्यांना, नाचांना जाऊ शके, म्हणजेच तिचं लग्न करायचं आहे हे जाहीर होई. सर्वसाधारण पद्धत अशी की थोरलीचं जमेपर्यंत धाकट्यांनी थांबायचं. बेनेटांच्या पाचही मुली एकदमच बाहेर आहेत हे ऐकून डार्सीच्या मावशीला, लेडी कॅथरीनला, धक्का बसतो तो यामुळे. एलिझाबेथ तिला उत्तर देते की थोरलीला लग्न करायचं नाही किंवा तशी ऐपत नाही म्हणून धाकट्यांनी तरुणपण घरात काढायचं, हा त्यांच्यावर अन्यायच. वयाने आणि मानाने कितीतरी मोठ्या बाईला वीस वर्षांच्या मुलीने असं बोलणं ही त्या दिवाणखान्यातली लहानशी बंडखोरीच होती.

नाचाला जोडीदार मिळायचा तर आधी ओळख हवी. सार्वजनिक नाचात कुणीतरी मध्यस्थ ओळख करून देई. पुरुषाने विचारायचं, बाईने हो किंवा नाही म्हणायचं. पण ‘नाही’ची किंमत मोठी होती: एकाला नकार दिला की त्या रात्री दुसऱ्या कुणाबरोबरही नाचायचं नाही. नेदरफील्डच्या बॉलमध्ये, म्हणजे बिंगलीने घरी दिलेल्या नाचाच्या समारंभात, कॉलिन्स एलिझाबेथच्या मागेपुढे घुटमळत राहतो. त्याच्याशी पुन्हा नाचायला ती नकार देते, आणि त्याबरोबर इतर कुणाशी नाचण्याची तिची संधीही जाते. हा नियम माहीत नसेल तर तिची ती संध्याकाळ किती वाया गेली हे कळतच नाही.

जोडी ठरली की एक नव्हे, सलग दोन नाच एकत्र करायचे, म्हणजे साधारण अर्धा तास. बायकांची एक रांग, समोर पुरुषांची एक, आणि एकेक जोडी आपली पाळी आली की सरकत जायची. पाळी येईपर्यंत समोरासमोर नुसतं उभं राहावं लागे. या उभं राहण्यातच सगळं संभाषण. एलिझाबेथ आणि डार्सी नेदरफील्डला असेच बराच वेळ गप्प उभे राहतात, आणि शेवटी तीच म्हणते की आता काहीतरी बोलायला हवं, नाचाबद्दल मी बोलले, आता खोलीच्या आकाराबद्दल किंवा जोड्यांच्या संख्येबद्दल तुम्ही बोला. ती रीतीचीच थट्टा करते आहे, आणि त्या थट्टेच्या आडून विकमचा, डार्सीशी वैर असलेल्या तरुण लष्करी अधिकाऱ्याचा, विषय काढते. बाकी वेळी असा प्रश्न त्याला विचारणं तिला शक्यच नव्हतं.

जवळच्या मेरिटन गावातल्या पहिल्या नाचात डार्सी फक्त बिंगलीच्या दोन बहिणींबरोबर एकेकदा नाचतो आणि कुणाशीही ओळख करून घ्यायला नकार देतो. पुरुष कमी असल्यामुळे एलिझाबेथला दोन नाच बसून राहावं लागलेलं आहे. अशा वेळी नाचता येत असताना बाजूला उभं राहणं हा सरळ अपमान मानला जाई, एकीचा नव्हे, साऱ्या जमलेल्यांचा. शिवाय ‘ठीक आहे, पण मला मोह पडावा इतकी सुंदर नाही’ हे त्याचं वाक्य तिच्या कानावर पडतं. गावाने त्याला गर्विष्ठ ठरवलं ते एका वाक्यावरून नाही. अख्खी संध्याकाळ तो तसा वागला होता.

बिंगली मात्र जेनबरोबर दोनदा नाचतो. घरी आल्यावर मिसेस बेनेट तो कोणाकोणाबरोबर कोणत्या क्रमाने नाचला याची यादीच वाचून दाखवू लागतात. ही चहाटळ बडबड नव्हे, हिशोब आहे. एकाच मुलीला पुन्हा विचारणं म्हणजे खूण. ती खूण गाव वाचतं, आणि पुरुषही तिला बांधला जातो. अशा खुणा वाढत गेल्या आणि ‘यांचं लग्न होणार’ असं सगळे धरून चालू लागले, की मागे फिरणं सभ्य माणसाला शोभेनासं होई. नेदरफील्डच्या बॉलमध्ये एलिझाबेथबरोबर नाचत असलेल्या डार्सीला शेजारचे सर विल्यम लुकस थांबवतात आणि बिंगली-जेनच्या लग्नाचं सहज सूचक बोलून जातात. डार्सीच्या लक्षात येतं की गोष्ट हाताबाहेर चालली. त्यानंतर काही दिवसांत नेदरफील्डची सारी मंडळी लंडनला निघून जातात. मित्र बांधला जाण्याआधी त्याला तिथून हलवायचं, एवढाच त्यामागचा हेतू.

आणि इथे ऑस्टेन तिचा खरा प्रश्न मांडते. मन दाखवायची सोय फक्त रीतीतून असेल, तर रीत पाळणाऱ्याचं मन ओळखायचं कसं?

जेन सगळ्यांशी सारख्याच गोडव्याने वागते. मुलीने आपलं मन आधी उघडं करायचं नाही ही शिकवण तिने अंगी बाणवली आहे. एलिझाबेथची मैत्रीण शार्लट लुकस आधीच सांगते की हे धोक्याचं आहे. बाईने वाटतं त्याहून जास्तच दाखवावं, नाहीतर माणूस हातचा जायचा. एलिझाबेथ हे हसण्यावारी नेते. पुढे डार्सी पत्रात लिहितो की मी जेनकडे नीट पाहत होतो, तिचा चेहरा शांत होता, तिचं मन गुंतलेलं मला दिसलं नाही. तो खोटं बोलत नाही. जेन रीतीला इतकी पक्की निघाली की तिचं प्रेम दिसलंच नाही. उलट विकम: बोलणं गोड, वागणं मोकळं, भेटताक्षणी सगळ्यांना जिंकणारा. एलिझाबेथसारखी हुशार मुलगीसुद्धा त्याच्या शिष्टाचारालाच त्याचं चारित्र्य समजते. रस्त्यात डार्सी आणि विकम समोरासमोर येतात तेव्हा एकाचा चेहरा लाल होतो, दुसऱ्याचा पांढरा. विकम टोपीला हात लावतो, डार्सी जेमतेम प्रतिसाद देतो. तेवढंच. कोण का लाल झाला हे कळायला एलिझाबेथला महिने लागतात.

भेटीगाठींतला अपमानही असाच न बोलता होई. जेन लंडनला मामाकडे राहायला जाते आणि बिंगलीच्या बहिणीला, कॅरोलाइनला, भेटून येते. परतभेट लवकर देणं हा साधा शिष्टाचार. जेन रोज सकाळी घरी थांबते, दोन आठवडे, आणि रोज संध्याकाळी कॅरोलाइनच्या वतीने एक नवं कारण शोधते. शेवटी ती येते, थोडा वेळ बसते आणि जाते. एक वाकडा शब्द नाही, पण मैत्री संपली हे जेनसारख्या भाबड्या मुलीलाही कळतं. बिंगली त्याच शहरात आहे, आणि जेन त्याला चिठ्ठी पाठवू शकत नाही. वाङ्निश्चय झालेला नसताना तरुण मुलीने तरुण मुलाला पत्र लिहिणं निषिद्ध होतं; पत्रव्यवहार दिसला की लोक लग्न ठरलं असं धरून चालत.

म्हणूनच डार्सीचं ते प्रसिद्ध पत्र टपालाने येत नाही. तो सकाळी बागेच्या वाटेवर थांबतो, स्वतःच्या हाताने ते एलिझाबेथला देतो आणि निघून जातो. ते कुणाच्या हाती पडलं असतं तर तिच्या नावाला बट्टा लागला असता, आणि त्याच्याही एका गुपिताला पाय फुटले असते, कारण पत्रात त्याच्या पंधरा वर्षांच्या बहिणीला विकमने पळवून न्यायचा घाट घातला होता ही हकीकत आहे. त्याची लग्नाची मागणी तिने नाकारल्यानंतर दुसऱ्याच दिवशी त्याने ही गोष्ट तिच्या हाती सोपवली. हे पत्र एरवी स्पष्टीकरणासारखं वाचलं जातं. मला त्यातला विश्वास जास्त मोठा वाटतो.

मागणी घालणं हे पुरुषाचं काम. बाईच्या हाती फक्त नकार, आणि तोही धड ऐकला जाईलच असं नाही. कॉलिन्सला वाटतं की मुली पहिल्या मागणीला लाजून नाही म्हणतातच, म्हणून एलिझाबेथ जितक्या स्पष्टपणे नाही म्हणते तितका तो खूश होतो. हा प्रसंग विनोदी आहे, पण त्यातली घुसमटही खरी आहे. मग तीन दिवसांच्या आत तो शार्लटला मागणी घालतो आणि ती स्वीकारते. शार्लट सत्तावीस वर्षांची, दिसायला साधी, पैसा नाही. ती एलिझाबेथला सांगते की मला फक्त सुखाचं घर हवं आहे. मी तिला कधीच दोष देऊ शकलेलो नाही. खुद्द ऑस्टेनला डिसेंबर १८०२ मध्ये हॅरिस बिग-विदर या जमीनदाराच्या मुलाने मागणी घातली होती. तिने संध्याकाळी होकार दिला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मागे घेतला. तेव्हा तिला सत्ताविसावं पुरं व्हायला दोन आठवडे होते. होकार मागे घ्यायची थोडी मुभा बाईला होती, पुरुषाला ती नव्हती. पण तिच्यासारखीला पुन्हा असं स्थळ येणं कठीण होतं, आणि आलंही नाही.

सगळ्यात धाकट्या लिडियाचं विकमबरोबर पळून जाणं समजायला एक कायदा माहीत हवा. १७५३ च्या विवाह कायद्यानुसार इंग्लंडमध्ये लग्न चर्चमध्ये, रीतसर घोषणा करून किंवा परवाना काढून व्हावं लागे, आणि एकवीस वर्षांखालच्यांना परवान्याने लग्न करायला बापाची संमती लागे. स्कॉटलंडला हा कायदा लागू नव्हता. म्हणून पळालेली जोडपी सीमेलगतच्या ग्रेटना ग्रीनला जात. सोळा वर्षांची लिडिया चिठ्ठीत तेच नाव लिहिते, आणि घरच्यांना तेवढीच आशा उरते. मग कळतं की दोघं ग्रेटनाला गेलेच नाहीत, लंडनमध्ये लग्नाशिवाय एकत्र राहताहेत. आता प्रश्न लिडियापुरता राहत नाही. एका बहिणीचं नाव गेलं की बाकी चौघींची लग्नं अडतात. कॉलिन्स तर पत्र पाठवून कळवतो की यापेक्षा मुलगी मेली असती तर बरं झालं असतं. विकमला लग्नाला उभं करायला त्याची हजाराहून जास्त पौंडांची कर्जं फेडावी लागतात, लिडियाच्या नावे आणखी हजार ठेवावे लागतात, सैन्यात हुद्दा विकत घ्यावा लागतो. हे सगळं डार्सी करतो, आणि कुणाला कळू नये अशी व्यवस्थाही करतो.

तरी मला विचाराल तर त्याचं प्रेम त्याआधीच, डर्बीशायरमधल्या त्याच्या पेम्बर्ली या वाड्यावर, स्पष्ट होतं, आणि तिथे तो प्रेमाचा एक शब्दही बोलत नाही. एलिझाबेथ मामामामींबरोबर त्याचं घर पाहायला आली आहे. मामा म्हणजे मिस्टर गार्डिनर, लंडनच्या व्यापारी भागात राहणारे. याच नातेवाइकांचा कमीपणा डार्सीने पहिल्या मागणीत तिच्या तोंडावर बोलून दाखवला होता. आता तो स्वतः पुढे होऊन म्हणतो, माझी ओळख करून द्या. हे कोण हे सांगताना एलिझाबेथ त्याच्या चेहऱ्याकडे चोरून पाहते. आता हा काढता पाय घेईल असं तिला वाटतं. तो थांबतो, मामांबरोबर चालत बोलतो, त्यांना आपल्या जागेतल्या ओढ्यावर मासे पकडायला बोलावतो. मग एलिझाबेथला विचारतो की माझ्या बहिणीची तुमच्याशी ओळख करून देऊ का. जॉर्जियाना घरी पोचते त्याच दिवशी तो तिला घेऊन एलिझाबेथच्या मुक्कामाच्या खाणावळीत येतो. इथे ओळख मागणारा वरच्या पायरीवरचा आहे आणि भेटीला चालून येणारी त्याची बहीण आहे. त्या काळाच्या वाचकाला यापुढे कबुलीजबाबाची गरज नव्हती. मिसेस गार्डिनरना तर ती भेट संपायच्या आतच सगळं उमगतं.

शेवटी लग्नं होतात, कुणाचं कुणाशी जमलं आणि कोण कोणाकडे येऊ-जाऊ लागलं याचा ऑस्टेन भराभर हिशोब देते. पण कादंबरीचं अगदी शेवटचं वाक्य ना पेम्बर्लीबद्दल आहे, ना नवराबायकोंच्या सुखाबद्दल. ते त्या व्यापारी मामामामींबद्दल आहे: डार्सी आणि एलिझाबेथ या दोघांचाही गार्डिनरांवर मनापासून जीव होता, कारण तिला डर्बीशायरला आणून त्यांची गाठ घालून दिली होती ती याच माणसांनी.